विजेच्या बसआधी एक वही घ्या

शहराची वाहतूक सुधारायची म्हटलं की बैठकीत पहिला विषय निघतो तो विजेच्या मोटारींचा. पण विजेची मोटारही कोंडीत तेवढीच जागा अडवते. मी बसची वेळापत्रकं बसवतो. विचारायला येणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं: एक वही घ्या आणि सकाळच्या गर्दीत चौकात तासभर उभे राहा.

पानावर दोन रकाने पाडा. एकात वाहनं, दुसऱ्यात माणसं. मोटार आली, माणूस एक. पुन्हा मोटार, पुन्हा एक. मग बस येते. पायरीवर लटकलेली पोरं, काचेला चेपलेली दप्तरं, तिकिटं फाडत कसाबसा आत सरकणारा वाहक. त्या एका वाहनासमोर साठाच्या पुढचा आकडा लिहावा लागतो. हे पान नगरसेवकापुढे ठेवा. बोलणं रस्तारुंदीवरून बसवर येतं.

मागणी मात्र क्रमानं करा. आधी इंधन. डिझेलमध्ये गंधक जास्त असेल तर काजळी अडवणारी गाळणी नीट चालत नाही. भारतात १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराचं मानक बीएस-४ वरून थेट बीएस-६ झालं, तेव्हा गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५० भाग) १० वर आणली गेली, ती याचसाठी.

मग बसला मोकळी वाट. डिसेंबर २००० मध्ये कोलंबियातल्या बोगोटात ट्रान्समिलेनिओ ही बससेवा सुरू झाली ती बससाठी राखून ठेवलेल्या मार्गिकांवर. नुसते पट्टे रंगवले तर दुचाक्या घुसणारच, कठडा मागा. कोंडीतून सुटलेली बस त्याच चालकाच्या पाळीत जास्त फेऱ्या करते.

विजेची बस त्यानंतर. चीनमधल्या शेंझेन शहरात २०१७ अखेर सोळा हजारांहून जास्त बस विजेवर आल्या, तेव्हा हे जमतं यात शंका नाही. पण हिशेब आगारात बसून करा: बस रात्री किती तास उभी असते, वीजजोडणी किती भाराची आहे, आणि डेड किलोमीटर किती, म्हणजे आगार ते पहिला थांबा ही रिकामी धाव. एका मार्गावर मी ती धरायची विसरलो. संध्याकाळच्या शेवटच्या फेरीत बॅटरी उतरली आणि भरल्या पिशव्या घेतलेल्या आजींना दोन थांबे चालावं लागलं. तेव्हापासून डेड किलोमीटर मी सगळ्यात आधी लिहितो.

मार्गिका सुरू झाली की त्याच वारी, त्याच वेळी, त्याच चौकात पुन्हा मोजा. या वेळी तिसरा रकाना पाडा: दोन बसमध्ये किती मिनिटं गेली.