टेस्टोस्टेरॉन कमी आलं? इंजेक्शनाआधी हृदय तपासून घ्या

टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या तपासणीसाठी रक्त सकाळी द्यायचं, उपाशीपोटी, शक्यतो दहाच्या आत. हे हार्मोन सकाळी सर्वांत वर असतं आणि दिवस चढेल तसं उतरत जातं. जेवणानंतरही आकडा खाली येतो. मी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करतो. दुपारी चार वाजता, जेवून आलेल्या माणसाला मी सरळ सांगतो, आज नको, उद्या सकाळी या. काहीजण चिडतात. पण दुपारच्या एका आकड्यावर इंजेक्शनं सुरू झालेली माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे मी ऐकत नाही.

ताप, ऑपरेशन किंवा हार्ट अटॅकमधून नुकतेच उठला असाल तर तपासणी पुढे ढकला; आजारपणात शरीर हे हार्मोन कमीच बनवतं. आठवडाभर झोप अपुरी झाली असेल तरी तेच. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, काही मशीनवर त्यामुळे रिपोर्ट चुकतो. आणि आकडा कमी आला तर दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा रक्त द्या. दोन्ही वेळा कमी (बरेच डॉक्टर ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही सीमा धरतात) आणि सोबत लक्षणंही असतील, तरच त्याला कमतरता म्हणतात.

पोट सुटलेल्यांनी आणखी एक बघायचं. एसएचबीजी हे प्रथिन टेस्टोस्टेरॉनला रक्तात वाहून नेतं, आणि लठ्ठपणात ते घटतं. मग एकूण आकडा कमी दिसतो, पण मोकळं, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेलं, टेस्टोस्टेरॉन ठीक असू शकतं. आकडा सीमेवर असेल तर एसएचबीजी करून घ्या.

आता हृदयाचं. टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या पुरुषांत हृदयविकार जास्त आढळतो, हे खरं आहे. पण म्हणून हार्मोन भरून काढलं की हृदय सुधारेल, असं होत नाही. पोटावरची चरबी, मधुमेह, झोपेत श्वास अडकणं, जुनाट आजार यांनी हार्मोन खाली येतं, आणि रक्तवाहिन्याही यांनीच खराब होतात. म्हणून कमी आकडा हा मी हृदय तपासायचा निरोप मानतो. दुसऱ्यांदा रक्त द्याल तेव्हा त्याच सुईत लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल), एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी) करून घ्या. बीपी मोजा, कमरेचा घेर मोजा. घोरत असाल तर डॉक्टरांना सांगा, ही गोष्ट विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

दुसरी न सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे लिंगाला ताठरता न येणं. माझे मामा एकदा म्हणाले, "अरे, ती पुरुषांची टेस्ट असते ना, तेवढी कर माझी." का, ते विचारल्यावर बराच वेळ गप्प होते. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित आलं. मी त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं, तर टीएमटीत (पट्ट्यावर चालवून काढलेल्या ईसीजीत) दोष निघाला आणि पुढे अँजिओग्राफीत ब्लॉकेज. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे आतून खराब होऊ लागल्या की त्रास आधी तिथे जाणवतो, कधीकधी छातीत दुखण्याच्या काही वर्षं आधी. तेव्हा लाजू नका, आणि मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका. हृदयासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने सिल्डेनाफिल (ताठरतेची गोळी) घेतलं तर बीपी जिवावर बेतेल इतकं खाली जाऊ शकतं.

कमतरता पक्की झाली आणि डॉक्टरांनी उपचार सुचवले, तर धोका किती? २०२३ साली 'ट्रॅव्हर्स' चाचणीचे निष्कर्ष आले. हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका जास्त असलेले ४५ ते ८० वयाचे पाच हजारांवर पुरुष त्यात होते, सगळ्यांची पातळी ३०० च्या खाली. हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचं प्रमाण कातडीला लावायच्या टेस्टोस्टेरॉनच्या जेलवर ७.० टक्के आणि औषध नसलेल्या नुसत्या जेलवर ७.३ टक्के निघालं, म्हणजे जवळपास सारखंच. मात्र हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी जाणं औषधवाल्यांत जास्त दिसलं. हा दिलासा डॉक्टरांच्या देखरेखीखाली पातळी नॉर्मलपर्यंत आणणाऱ्यांसाठी आहे. जिममध्ये कुणीतरी दिलेल्या इंजेक्शनाला तो लागू नाही. त्या मोठ्या डोसांनी चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं आणि हृदयाचे स्नायू कमकुवत होऊ शकतात. तरुण मुलं ती घेऊन माझ्यासमोर बसतात तेव्हा मला फार काळजी वाटते.

गेल्या सहा महिन्यांत अटॅक किंवा पक्षाघात झालाय, पूर्वी गुठळी झाली आहे किंवा लवकरच मूल हवंय, तर हे उपचार सुरू होण्याआधीच डॉक्टरांना सांगा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शुक्राणू बनणं मंदावतं, कधी थांबतंही.

उपचार चालू असताना हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण), पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) आणि बीपी बघत राहावं लागतं. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर डॉक्टर औषध थांबवतात, कारण रक्त घट्ट होतं. दर एक-दोन आठवड्यांनी इंजेक्शन घेत असाल तर टेस्टोस्टेरॉनसाठी रक्त दोन इंजेक्शनांच्या साधारण मध्यावर द्या, आणि शेवटचं कोणत्या तारखेला घेतलं ते फॉर्मवर लिहायला सांगा. जेल हाताला लावत असाल तर तेही सांगा. कातडीवरचं औषध सुईबरोबर नमुन्यात गेलं की आकडा भलताच वर जातो. अशा वेळी मी जेल न लावलेल्या जागेवरून रक्त घेतो.