घोड्यांच्या विरळ चराऊ रानात पुन्हा गवत लावताना

नागपूरच्या आसपासच्या मुरमाड, उथळ जमिनीवरील घोड्यांचे चराऊ रान ठिकठिकाणी उघडे पडले असेल, तर सगळे रान नांगरण्यापेक्षा तेवढेच तुकडे पावसाआधी दाताळ्याने खरवडून, कुजलेले शेणखत मिसळून, जूनमध्ये जमीन नीट भिजल्यावर तेथे मारवेल या चाऱ्याच्या गवताचे बी पेरावे. कुसळांमुळे हे हलके बी एकमेकांत गुंतते, म्हणून ते ओलसर मातीत कालवून फेकावे आणि वरवरच झाकावे. एक सेंटिमीटरहून खोल गेल्यास उगवण कमी होते. अंजन गवत अशा जमिनीत चांगले येते खरे, पण त्यातील ऑक्झलेट या कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या घटकामुळे घोड्याला चाऱ्यातील कॅल्शियम पुरेसे मिळत नाही, तेव्हा निव्वळ अंजनाचे रान गुरांसाठीच ठेवणे बरे. घाई नडते ती पुढे: मुठीत धरून ओढलेला ठोंब मुळासकट उपटून येत असेल, तोवर तेथे घोडे सोडू नयेत.