तयार साहस एबेरॉनमध्ये आणताना कथानक अडत असेल तर : माझा अनुभव

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवण्याच्या खेळातील फर्गॉटन रेल्म्स या काल्पनिक जगासाठी लिहिलेले एक तयार साहस (म्हणजे खेळवण्यासाठी आयते लिहिलेले कथानक) त्याच खेळाच्या एबेरॉन या 2004 साली प्रकाशित झालेल्या दुसऱ्या जगात खेळवताना तिसऱ्या बैठकीच्या सुमारास कथानक हमखास अडत असे. गावांची व देवतांची नावे बदलली, नकाशा नव्याने काढला, तरी उपयोग झाला नाही. खेळाडूंचे दोन गट अर्ध्यावर सुटले, याचे मला फार वाईट वाटले.

शेवटी प्रत्येक प्रसंगासमोर, तो कोणत्या गृहीतकावर उभा आहे, हे एका ओळीत लिहिले आणि दोष सापडला. मूळ साहसात पुजाऱ्याची दैवी शक्ती नाहीशी होते व त्यावरून त्याचे पाप उघडकीस येते. एबेरॉनमध्ये मात्र देव प्रत्यक्ष प्रकट होत नाहीत आणि भ्रष्ट पुजाऱ्याचीही शक्ती टिकू शकते, त्यामुळे तो पुरावाच निकामी ठरत होता. मग कोलमडणारी गृहीतके तेवढी बदलली : देणग्यांच्या वहीतील खाडाखोड हा नवा पुरावा झाला, आणि एबेरॉनमधील विजेच्या रेल्वेमुळे निरर्थक ठरणारा चार दिवसांचा वनप्रवास रेल्वे न पोहोचणाऱ्या खाणीकडे वळवला. त्यानंतर मूळ साहसातील संघटनांच्या जागी तेच काम करणाऱ्या एबेरॉनमधील संघटना घेतल्या. राक्षसांच्या ताकदीचे आकडे मात्र तसेच ठेवले, कारण लढतींचा तोल त्यांवर असतो. नावांना हात लावला तो सर्वांत शेवटी.