घरमालकाची पाहणी आणि भाडेकरूचा खासगीपणा

मुंबईत लिव्ह अँड लायसन्स करार करताना भाडे आणि डिपॉझिट यांवर बरीच घासाघीस होते. घरमालक घर पाहायला केव्हा आणि कसा येईल, हा मुद्दा मात्र क्वचितच निघतो. तो सहीपूर्वीच काढावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 28 नुसार घरमालकाला पाहणीचा हक्क आहे, परंतु आगाऊ सूचना देऊन आणि वाजवी वेळीच. आणि ही अट लायसन्सवर दिलेल्या घरांनाही लागू आहे. सूचना किती तास आधी द्यायची, हे कलमात नाही. म्हणून करारात स्पष्ट लिहून घ्यावे: 24 तास आधी लेखी संदेश, सकाळी 10 ते संध्याकाळी 7 ही वेळ, आणि राहणारे घरी नसताना प्रवेश नाही. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यातही 24 तासांचीच पूर्वसूचना आहे. तो राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, तरी बोलणी करताना त्याचा दाखला देता येतो. मालकाकडे दुसरी चावी राहणार असेल, तर ती कोणत्या प्रसंगी वापरायची, हेही त्याच परिच्छेदात यावे.

पाहणी जागेची असते, सामानाची नव्हे. पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीला ओल आली, तर मालकाने भिंत, छत आणि नळजोडणी जरूर पाहावी. कपाट उघडणे, फ्रिजमध्ये डोकावणे किंवा घरी कोण येते-जाते याची चौकशी करणे त्यात बसत नाही, आणि हे शांतपणे पण ठामपणे सांगण्यात काहीही गैर नाही. फोटो काढायचे झाल्यास दुरुस्तीच्या जागेपुरतेच काढावेत आणि त्या वेळी आपण सोबत उभे राहावे. पाइप फुटला किंवा गॅस गळू लागला, तर मात्र सूचनेची वाट न पाहता दार उघडावे.

मालक न कळवता आलाच, तर दारात वाद घालू नये. त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर लिहावे: “आज दुपारी आपण पूर्वसूचनेशिवाय आलात. यापुढे कराराप्रमाणे एक दिवस आधी कळवावे. शनिवारी 11 वाजता मी घरी आहे.” पर्यायी वेळ दिल्याने आपण पाहणी नाकारली, असे कोणी म्हणू शकत नाही. तरीही प्रकार थांबला नाही, तर वकिलामार्फत नोटीस पाठवावी. धमकावण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने कोणी घरात घुसल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 खाली पोलिसांत तक्रार करता येते, आणि तिथे हेच जपून ठेवलेले संदेश पुरावा म्हणून दाखवता येतात.