दहावीच्या पेपरची सकाळ: घरातली धावपळ कशी कमी करावी

पेपरच्या दिवशी घरात जो ताण असतो तो बऱ्याचदा अभ्यासाचा नसतो, पोहोचण्याचा असतो. अकराच्या पेपरला साडेदहाला हजर राहायचं, म्हणजे लोकल ऐन गर्दीतली. केंद्र कळलं की एक रंगीत तालीम करा. रविवारी मात्र नको; मेगाब्लॉक नाहीतर रिकामे डबे, हिशोब चुकणारच. कामाच्या दिवशी, त्याच वेळी, मुलाला घेऊन जा. लागलेल्या वेळेत 30 मिनिटं मिळवा आणि त्यावरून निघायची वेळ ठरवा. स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग किती असते तेही बघून ठेवा, खरा वेळ तिथे जातो.

हॉल तिकीट, दोन-तीन पेनं, पट्टी, पाण्याची बाटली रात्रीच भरून ठेवायची. हॉल तिकिटाची एक झेरॉक्स पालकांच्या पाकिटात. नाश्त्याला रोजचेच पोहे, नवे प्रयोग नकोत.

पेपर सुटल्यावर प्रश्नपत्रिका घेऊन उत्तरं पडताळत बसू नका. गेलेले मार्क परत येत नाहीत, पुढच्या पेपरआधीची झोप मात्र जाते. "भूक लागली का?" एवढंच विचारा. आणि मूल काही दिवस नीट जेवत-झोपत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मोफत फोन करता येतो, मराठीतही बोलतात. पालकांनी स्वतःसाठी केला तरी चालतो.