एकाच मॉडेलच्या दोन टेनिस रॅकेट्स खरोखर सारख्या आहेत का: मोजणी आणि जुळणी

सामन्याच्या मध्यात तार तुटते, खेळाडू पिशवीतून त्याच मॉडेलची दुसरी रॅकेट काढतो आणि पुढच्या काही फटक्यांत चेंडू किंचित उशिरा लागू लागतो. अशा वेळी दोष बहुधा तारांच्या ताणाला किंवा स्वतःच्या एकाग्रतेला दिला जातो. खरे कारण पुष्कळदा कारखान्यातच घडलेले असते. रॅकेटवर किंवा तिच्या माहितीपत्रकात छापलेले वजन आणि समतोल बिंदू (रॅकेट ज्या जागी टेकवल्यास दोन्हीकडे न कलता स्थिर राहते ती जागा) हे नेमके आकडे नसून मध्यमूल्ये असतात. काही उत्पादक त्यांच्यासोबत ±७ ग्रॅम आणि ±७ मिलिमीटर अशी सूट स्पष्टपणे नमूद करतात. याचा अर्थ, तपासणीत रीतसर उत्तीर्ण झालेल्या दोन रॅकेट्समध्ये १४ ग्रॅमपर्यंत आणि १४ मिलिमीटरपर्यंत फरक असू शकतो, आणि तरीही दोन्ही निर्दोष मानल्या जातात.

हा फरक का पडतो, हे समजले की काय मोजायचे तेही आपोआप स्पष्ट होते. ग्रॅफाइटची फ्रेम तयार करताना रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवलेल्या कार्बन तंतूंचे पातळ थर ठरावीक कोनांत कापून, हाताने एकावर एक गुंडाळून त्यांची लांब नळी केली जाते. ती साच्यात बसवून आतून हवेचा दाब आणि बाहेरून उष्णता दिली जाते. साच्यातून निघालेली फ्रेम घासणे, बारीक खड्डे लांबीने (पुट्टीने) भरणे, तारांसाठी छिद्रे पाडणे आणि रंग देणे ही कामे त्यानंतर होतात. थर किंचित सरकला, एखाद्या भागात रेझिन जास्त राहिले, लांबी किंवा रंगाचा थर जाड बसला, तर प्रत्येक वेळी वजन थोडे बदलते आणि ते फ्रेमच्या कोणत्या भागात बदलले यावर रॅकेटचे वागणे ठरते. मुठीचा फोम आणि ग्रिप नंतर चढतात. फ्रेम हलकी निघाली असेल तर मुठीत वजन घालून एकूण आकडा सुधारणे याच टप्प्यावर सर्वांत सोपे असते. त्यामुळे तराजूवर दोन रॅकेट्स अगदी समान ठरतात, पण एकीचे वजन डोक्याकडे आणि दुसरीचे मुठीत असते. म्हणून केवळ वजन जुळवून खरेदी केलेल्या जोडीवर मी विश्वास ठेवत नाही. फटका मारताना हाताला जाणवतो तो स्विंगवेट, म्हणजे फिरवताना रॅकेट किती विरोध करते याचे माप, आणि तोच आकडा पुष्कळ रॅकेट्सवर छापलेला नसतो.

मोजणीपूर्वी दोन्ही रॅकेट्स समान अवस्थेत आणाव्यात. एकाच प्रकारची, एकाच जाडीची तार, एकाच यंत्रावर आणि शक्यतो एकाच दिवशी, समान ताणाने बसवून घ्यावी. तारांचे वजनच साधारण १५ ते १८ ग्रॅम असते आणि त्यांच्यामुळे स्विंगवेट सुमारे ३० एककांनी (किलो-चौरस सेंटिमीटरने) वाढतो. एक रॅकेट तारांसह आणि दुसरी तारांविना मोजली, तर तुलनेला काहीच अर्थ उरत नाही. ओव्हरग्रिप (ग्रिपवर गुंडाळायची पातळ पट्टी) आणि डॅम्पनर (तारांमध्ये अडकवायचा कंपन कमी करणारा रबरी तुकडा) दोन्हींवरून काढून ठेवावेत. फ्रेम सपाट काचेवर ठेवून ती पिळली गेली आहे का, हलवल्यावर आत सुटा तुकडा खडखडतो का, ग्रॉमेट (तारांच्या छिद्रांतील प्लास्टिकच्या नळ्या) पूर्ण बसले आहेत का, हेही पाहून घ्यावे. यांपैकी कोणताही दोष नव्या रॅकेटमध्ये आढळल्यास वजन जुळवत बसण्यापेक्षा ती परत करणेच योग्य.

वजनासाठी ०.१ ग्रॅमपर्यंत वाचता येणारा डिजिटल तराजू पुरेसा आहे. समतोल बिंदूसाठी एखाद्या पातळ, सरळ कडेवर रॅकेट आडवी ठेवावी, ती दोन्हीकडे न कलता स्थिर राहील ती जागा शोधावी आणि मुठीच्या टोकापासून तेथपर्यंतचे अंतर मोजावे. येथे घाई करू नये, कारण पुढच्या गणितात या अंतरातील १ मिलिमीटरची चूक स्विंगवेटमध्ये सुमारे २ एककांची चूक निर्माण करते. रॅकेट उलटसुलट करून तीनदा मोजावे आणि सरासरी घ्यावी.

स्विंगवेट मोजण्याची यंत्रे महाग असतात, मात्र लंबकाच्या नियमाने तोच आकडा घरीही काढता येतो. मेजाच्या कडेला दोन गुळगुळीत, सारखे खिळे एकमेकांपासून सहा-सात सेंटिमीटरवर समांतर आणि समान उंचीवर बसवावेत. रॅकेट उलटी धरून, तारांच्या मोकळ्या जागांतून खिळे जाऊ देऊन, डोक्याची वरची आतली कड त्यांवर टेकवावी आणि मूठ खाली लोंबू द्यावी. रॅकेटला तारांच्या पृष्ठभागाच्या लंब दिशेने, म्हणजे फटक्याच्या दिशेने, अगदी थोडा झोका द्यावा आणि ३० पूर्ण आंदोलनांचा काळ घ्यावा. एकाच खिळ्यावर टांगून रॅकेट आडव्या दिशेने झुलवणे सोपे वाटते, पण त्या हालचालीत रॅकेटच्या लांबीच्या अक्षाभोवतीचा विरोध, म्हणजे ट्विस्टवेटही, मिसळतो आणि उत्तर खऱ्यापेक्षा मोठे येते.

आता गणित. समजा, रॅकेट ‘अ’चे वजन ०.३१८ किलो आहे, तिचा समतोल बिंदू मुठीच्या टोकापासून ३२.५ सेंटिमीटरवर आहे आणि खिळ्यांची रेषा त्याच टोकापासून ६६ सेंटिमीटरवर आहे. म्हणजे खिळ्यांपासून समतोल बिंदू ३३.५ सेंटिमीटर दूर आहे. ३० आंदोलनांना ४१.९२ सेकंद लागले, तर एका आंदोलनाचा काळ १.३९७३ सेकंद होतो आणि त्याचा वर्ग १.९५२५. वजन, ३३.५ हे अंतर, काळाचा वर्ग आणि २४.८५ हा स्थिरांक यांचा गुणाकार ५१६.९ येतो. त्यातून वजन गुणिले ३३.५ चा वर्ग, म्हणजे ३५६.९, वजा केल्यावर १६० उरतात. स्विंगवेट मुठीच्या टोकापासून १० सेंटिमीटरवरील अक्षाभोवती मोजण्याची प्रथा आहे. म्हणून वजन गुणिले २२.५ चा वर्ग, म्हणजे १६१, यांत मिळवावेत. उत्तर ३२१ किलो-चौरस सेंटिमीटर. काळ मोजण्यात ०.१ सेकंदाची चूक झाली तर येथे सुमारे अडीच एककांचा फरक पडतो. १० आंदोलनांवर समाधान मानल्यास तीच चूक तिप्पट होते, म्हणून ३० हा आकडा कमी करू नये.

रॅकेट ‘ब’चे आकडे समजा ३१२ ग्रॅम, ३२.६ सेंटिमीटर आणि ३१४ एकके असे निघाले. फ्रेममधून वजन काढता येत नाही, त्यामुळे जुळणी नेहमी जड रॅकेटकडे होते. म्हणजे ‘ब’मध्ये ६ ग्रॅम वाढवायचे आहेत आणि त्यांतून ७ एकके मिळवायची आहेत. कोणत्याही जागी वजन जोडल्यास स्विंगवेटमधील वाढ म्हणजे किलोमधील ते वजन गुणिले १० सेंटिमीटरच्या अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग. डोक्याच्या अगदी टोकाला, ६८ सेंटिमीटरवर, १ ग्रॅम सुमारे ३.४ एकके देतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना मध्यावर, ५३ सेंटिमीटरच्या आसपास, तोच १ ग्रॅम सुमारे १.८ एकके देतो आणि मुठीवर १० सेंटिमीटरच्या जवळ जवळपास काहीच देत नाही. म्हणून प्रथम डोक्याच्या टोकाला २ ग्रॅम लावावेत. त्यांतून ६.७ एकके मिळतात. उरलेले ४ ग्रॅम मुठीत कोठे बसवायचे, हे समतोल ठरवतो. ग्रॅममधील वजन गुणिले सेंटिमीटरमधील समतोल अंतर हे ‘अ’साठी १०,३३५ आणि ‘ब’साठी १०,१७१ आहे. तफावत १६४. त्यांपैकी टोकाच्या २ ग्रॅमनी (२ गुणिले ६८) १३६ भरून काढले, उरले २८, आणि २८ भागिले ४ म्हणजे ७ सेंटिमीटर. ग्रिपखाली त्या जागी ४ ग्रॅम बसवले की वजन, समतोल आणि स्विंगवेट हे तिन्ही आकडे एकाच वेळी जुळतात.

हे उत्तर इतके सहज जुळले, कारण उदाहरणातले आकडे अनुकूल होते. मुठीतील जागेचे उत्तर ऋण आले, तर डोक्याकडे लावलेले वजन जागा बदलून पाहावे. तरीही जमले नाही, तर दोन्ही रॅकेट्सना गाठता येईल असा थोडा जास्त वजनाचा समान लक्ष्य-आकडा ठरवून दोन्ही रॅकेट्सना वजन लावावे. स्विंगवेटला प्राधान्य द्यावे, त्यानंतर समतोलाला, आणि एकूण वजनातील एखाद्या ग्रॅमचा फरक खुशाल राहू द्यावा. बाजूंना लावलेली पट्टी ट्विस्टवेट वाढवते, टोकाची पट्टी जवळपास वाढवत नाही, हेही जागा निवडताना लक्षात घ्यावे.

वजनासाठी शिशाची चिकट पट्टी सर्रास वापरली जाते. शिसे विषारी असल्याने पट्टी बंपरखाली (डोक्याच्या टोकावरील प्लास्टिकच्या संरक्षक पट्टीखाली) किंवा ग्रिपखाली झाकून लावावी, नंतर हात धुवावेत आणि लहान मुलांच्या रॅकेटसाठी टंग्स्टनची पट्टी घ्यावी. पट्टी लावल्यावर तिन्ही मोजमापे पुन्हा करावीत आणि ती तारांचा प्रकार, ताण व तारखेसह वहीत लिहून ठेवावीत. बंपर घासला गेला, ग्रॉमेट बदलले किंवा मूळ ग्रिपच्या जागी चामड्याची ग्रिप आली की जोडी पुन्हा बिघडते. चामड्याची ग्रिप बहुधा जड असते, म्हणून ती बदलायची असेल तर दोन्ही रॅकेट्सवर एकत्रच बदलावी आणि मग नव्याने मोजावे.