सुती माल अमेरिकेला पाठवताना : गाठीपासून टॉवेलपर्यंतचा पुरावा कसा बांधायचा

सोलापूरचे टॉवेल, इचलकरंजीचे कापड किंवा त्या कापडाचे शिवलेले कपडे अमेरिकेला जात असतील, तर बायरकडून ‘यूएफएलपीए डॉक्युमेंट्स’ची, म्हणजे मालात चीनच्या शिनजियांगमधल्या सक्तीच्या मजुरीचे काही नाही याच्या पुराव्याची, मागणी आली असेलच. बरेच निर्यातदार बायरने पाठवलेल्या हमीपत्रावर सही-शिक्का करून मोकळे होतात. नुसत्या हमीपत्राला अमेरिकी कस्टम्ससमोर फारसे वजन नाही. तिथे रोजच्या व्यवहारातल्या कागदांची कापसाच्या गाठीपासून तयार मालापर्यंतची सलग साखळी लागते, आणि ती माल बनत असतानाच तयार करावी लागते. कंटेनर अडकल्यावर कागद गोळा करायला बसलो, की एखादा दुवा हमखास सापडत नाही.

कायदा काय सांगतो

अमेरिकेच्या १९३० च्या टॅरिफ ॲक्टमधल्या कलम ३०७ नुसार कैद्यांकडून किंवा सक्तीच्या मजुरीतून पूर्ण वा अंशतः बनलेला माल त्या देशात आणता येत नाही. देशातले उत्पादन गरजेला पुरत नसेल तर असा माल येऊ देण्याची सूट त्यात होती, त्यामुळे हे कलम अनेक दशके क्वचितच वापरले गेले. २०१६ मध्ये ती सूट काढली. तेव्हापासून कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन, म्हणजे सीबीपी, ‘विथहोल्ड रिलीज ऑर्डर’ काढून संशयित माल बंदरात रोखू लागली. तुर्कमेनिस्तानच्या सगळ्या कापसावर २०१८ मध्ये अशी ऑर्डर निघाली, आणि चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या कापूस व टोमॅटोवर जानेवारी २०२१ मध्ये.

शिनजियांगमध्ये उइगर आणि इतर मुस्लिम अल्पसंख्याकांना सरकारी योजनांच्या नावाखाली शेतात आणि कारखान्यांत राबवले जाते, म्हणून ‘उइगर फोर्स्ड लेबर प्रिव्हेन्शन ॲक्ट’, म्हणजे यूएफएलपीए, आला. २३ डिसेंबर २०२१ ला त्यावर सही झाली आणि २१ जून २०२२ पासून तो लागू झाला. त्याने सिद्ध करण्याची जबाबदारी उलटी केली. शिनजियांगमधला किंवा अमेरिकी सरकारच्या यादीतल्या कंपनीचा कोणताही घटक मालात असेल, तर तो सक्तीच्या मजुरीचा आहे असेच धरले जाते. माल भारतात विणला, बांगलादेशात शिवला, तरी फरक पडत नाही. ‘इतक्या टक्क्यांपर्यंत चालेल’ अशी मर्यादाही नाही. जगातला साधारण पाचवा हिस्सा कापूस एकट्या शिनजियांगमध्ये पिकतो, म्हणून सुती मालाकडे कस्टम्सचे लक्ष कायम असते.

माल अडकला तर दोन वाटा आहेत. पहिली, ‘ॲप्लिकेबिलिटी रिव्ह्यू’ : आमच्या मालात शिनजियांगचे किंवा यादीतल्या कंपनीचे काहीच नाही, हे कागदांनी दाखवायचे. दुसरी, ‘एक्सेप्शन’ : घटक तिथला आहे, पण सक्तीची मजुरी झालेली नाही, हे ‘स्पष्ट आणि पटण्याजोग्या’ पुराव्याने सिद्ध करायचे. शिनजियांगमध्ये स्वतंत्र तपासणीच होऊ शकत नसल्याने दुसरी वाट जवळपास बंद समजा. भारतीय निर्यातदाराने सगळी तयारी पहिल्या वाटेची करावी.

आधी नकाशा, मग फाइल

एका मोठ्या कागदावर मालाचा प्रवास काढा : जिनिंग-प्रेसिंग, सूतगिरणी, सूत व्यापारी, सायझिंग (ताण्याला खळ लावणे), माग, प्रोसेस हाउस, शिलाई, पॅकिंग. प्रत्येक टप्प्याला क्रमांक द्या. त्या टप्प्यावर काम करणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक लिहा. टप्पा ३ चे कागद ३-१, ३-२ असे क्रमाने लावा. सीबीपीच्या मार्गदर्शिकेत कापसासाठी हेच सांगितले आहे : गाठीच्या पातळीपासून तयार मालापर्यंत प्रत्येक पायरी, तिथला प्रत्येक घटक आणि त्याला आधार देणारा कागद. ज्यांच्याशी तुमचा थेट व्यवहार नाही, त्यांची ओळख कोणत्या कागदावरून पटवली हेही लिहावे लागते.

जिनिंग. गाठीवरचा पीआर नंबर (प्रेसिंगमध्ये प्रत्येक गाठीला मिळणारा क्रमांक), लॉट नंबर, वजन आणि हंगाम यांची यादी मिळवा. सोबत जिनिंगने कापूस कुठून घेतला याचा पुरावा हवा : बाजार समितीची काटापट्टी व हिशेबपट्टी, किंवा भारतीय कापूस महामंडळाकडून घेतलेल्या गाठींचे बिल आणि डिलिव्हरीचे कागद. प्रत्येक शेतकऱ्यापर्यंत पोचायलाच हवे असे मार्गदर्शिका म्हणत नाही, पण यवतमाळ किंवा जळगावच्या बाजार समितीची पट्टी जोडली की कापूस कुठला हे वेगळे सांगावे लागत नाही. कस्तुरी कॉटन या भारतीय कापसाच्या ब्रँडच्या गाठी घेतल्या तर क्यूआर कोडमुळे हे काम हलके होते.

सूतगिरणी. साखळी सर्वांत जास्त वेळा इथे तुटते. गिरणी एका वेळी अनेक लॉटच्या गाठी एकत्र फोडते. कोनवर छापलेला सूत लॉट आणि आत गेलेल्या गाठी यांचा संबंध फक्त मिक्सिंग रजिस्टरमध्ये असतो, आणि बाहेरच्या माणसाला ते रजिस्टर द्यायची गिरण्यांना सवय नाही. म्हणून सूत घेतानाच ऑर्डरमध्ये अट टाका : प्रत्येक सूत लॉटसोबत त्या दिवसांच्या मिक्सिंगची पाने, त्यात गेलेल्या गाठींचे पीआर नंबर आणि गाठ खरेदीची बिले मिळाली पाहिजेत. गिरणी लांब धाग्याचा आयात कापूस वापरत असेल, तर त्याची बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद) आणि मूळ देशाचे प्रमाणपत्र घ्या. एकाच शेडमध्ये दोन देशांचा कापूस चालत असेल, तर तुमच्या लॉटचे मिक्सिंग वेगळे कसे ठेवले हे लेखी घ्या. ‘आमच्याकडे चिनी कापूस येतच नाही’ हे गिरणीचे पत्र जोडायला हरकत नाही, पण ते रजिस्टरची जागा घेऊ शकत नाही.

सूत व्यापाऱ्यामार्फत घेतले असेल तर गिरणी ते व्यापारी आणि व्यापारी ते तुम्ही, दोन्ही बिलांवर तोच लॉट नंबर दिसला पाहिजे. व्यापाऱ्याच्या बिलावर फक्त काउंट (सुताची जाडी) आणि किलो असतील, तर ते बिल या कामाला निरुपयोगी आहे.

सायझिंग आणि माग. इचलकरंजीत बरेच विणकाम खर्चीवाल्यांकडे, म्हणजे मजुरीवर होते. सूत तुमचे, माग दुसऱ्याचा. इथे बिल नसते, जॉबवर्कचे चलन असते. त्या चलनावर सूत लॉट, बीम क्रमांक आणि परत आलेल्या ग्रे, म्हणजे न धुतलेल्या-न रंगवलेल्या, कापडाचे ताके लिहिण्याची शिस्त लावा. खर्चीवाल्याने निकडीच्या वेळी शेजारच्याचे दोन बाचके सूत वापरले, तर साखळी तिथेच संपते. हे रोज घडते, म्हणून त्याला या कायद्याचे कारण नीट समजावून सांगणे सगळ्यात उपयोगी.

प्रोसेस हाउसमध्ये ताक्यांचे लॉट कार्ड आणि डाइंगचा बॅच क्रमांक जोडा. शिलाईत फक्त मुख्य कापडाकडे पाहू नका. शिवणीचा दोरा, खिशाचे अस्तर, सुती लेबल, नाडी, पायपिंग हेही सुती घटकच आहेत. कपडा शंभर टक्के विदर्भाच्या कापसाचा आणि खिशाचे अस्तर मात्र चिनी कापडाचे, असे निघाले तरी सगळा माल अडकू शकतो.

वजनाचा ताळा

कागद खरे असले तरी वजने जुळली नाहीत तर अधिकारी विचारतोच : उरलेला कापूस कुठला? म्हणून प्रत्येक शिपमेंटला ताळा जोडा. उदाहरणादाखल कार्डेड सुताच्या टॉवेलचा हिशेब असा :

कच्चा कापूस ६०० क्विंटल, ३४ टक्के रुई धरून २०,४०० किलो, म्हणजे १७० किलोच्या १२० गाठी. गिरणीत ८५ टक्के उतारा धरला तर सूत १७,३४० किलो. ताणा आणि विणकामात ३ टक्के घट, ग्रे माल सुमारे १६,८२० किलो. धुलाई-रंगाईत ८ टक्के घट, सुमारे १५,४७५ किलो. कटाई-शिलाईत ३ टक्के, तयार माल सुमारे १५,००० किलो, म्हणजे ५०० ग्रॅमचे ३०,००० टॉवेल.

हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या गिरणीचा आणि प्रोसेस हाउसचा खरा उतारा घाला, कारण कोंब्ड (आखूड तंतू विंचरून काढलेल्या) सुतात घट बरीच जास्त असते. सायझिंगने ताण्याचे वजन वाढते, म्हणून खळीचे वजन वेगळे दाखवा. नाहीतर ग्रे कापड सुतापेक्षा जड दिसते आणि ताळा संशयास्पद वाटतो.

तारखाही तपासा. सूत गिरणीतून निघाल्याची तारीख गाठ खरेदीच्या आधीची असेल, तर टंकनाची चूक असली तरी पूर्ण फाइलवरचा विश्वास जातो. ई-वे बिल, ट्रकची बिल्टी आणि बँकेतून झालेले पेमेंट बिलाशी जुळवून ठेवा. मराठी-हिंदीतल्या पट्ट्या, चलने आणि रजिस्टरची पाने इंग्रजी अनुवादासह द्यावी लागतात. मूळ प्रत आणि अनुवाद शेजारी-शेजारी लावा. वर अनुक्रमणिका आणि दोन पानांचा सारांश असावा. कापूस कुठला हे पाहायला सीबीपी मालाची डीएनए किंवा समस्थानिक (आयसोटोप) चाचणी करू शकते. तुम्हीही करून घेऊ शकता, पण चाचणीचा अहवाल कागदांना पूरक आहे, पर्याय नाही.

आपल्या शेडमधली माणसे

कापूस भारतीय आहे एवढे सिद्ध करून काम संपत नाही. कलम ३०७ कोणत्याही देशाला लागू आहे. जुलै २०२२ मध्ये तमिळनाडूतल्या दिंडीगलच्या एका कपडे कारखान्यावर विथहोल्ड रिलीज ऑर्डर निघाली. कामगार संघटनेशी झालेला करार आणि प्रत्यक्ष सुधारणा यांच्या आधारावर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिच्यात बदल झाला. अमेरिकेच्या श्रम खात्याच्या यादीत भारतातले सूत आणि तयार कपडे सक्तीच्या मजुरीच्या संदर्भात नोंदलेले आहेत.

सीबीपी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची ११ लक्षणे वापरते. त्यातली आपल्याकडे सर्वांत पटकन दिसणारी कर्जाची जखडण आहे. उचल देणे हा स्वतः गुन्हा नाही. पण उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नसेल, किंवा उचलीपोटी किमान वेतनापेक्षा कमी मजुरी मिळत असेल, तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने ती वेठबिगारीच आहे. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे हे राज्यघटनेच्या कलम २३ खाली सक्तीचे श्रम ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच सांगितले आहे. यात तडजोड करू नये, मग बायर विचारो वा न विचारो.

म्हणून उचलीचा हिशेब कामगाराच्या सहीसह लेखी ठेवा आणि त्याची प्रत त्यालाही द्या. व्याज लावू नका. मूळ आधार कार्ड मुकादमाकडे किंवा ऑफिसच्या कपाटात कधीच असू नये, झेरॉक्स पुरे. मजुरी मीटरवर असेल तर महिन्याचे गणित करून किमान वेतन निघते का ते पाहा, आणि जादा तासांचा दुप्पट दर वेतनचिठ्ठीवर वेगळा दाखवा. वसतिगृहाचे फाटक कामगारांना आतून उघडता आले पाहिजे; सुट्टीच्या दिवशी बाहेर जायला परवानगी लागत असेल तर तो नियम आजच काढा. मुकादमामार्फत आणलेल्या परप्रांतीय कामगारांचे वेतन थेट त्यांच्या खात्यात जाऊ द्या. रात्रपाळीचा हजेरीपट आणि दिवसाचे पगारपत्रक जुळत नाही, ही गोष्ट तपासणीला आलेला माणूस पहिल्या तासात पकडतो.

माल अडकलाच तर

नोटीस आयातदाराच्या, म्हणजे बहुधा बायरच्या नावावर येते. ती त्याच दिवशी मागवून घ्या, कारण मुदत कमी असते. उइगर कायद्याखाली माल तपासणीला हजर झाल्यापासून ३० दिवसांत निर्णय झाला नाही, तर माल नाकारला गेला असे धरले जाते. त्यामुळे तयार फाइल पहिल्याच आठवड्यात जायला हवी, आणि मुदतवाढ लागणार असेल तर ती लगेच मागावी. नाकारल्यानंतर १८० दिवसांत हरकत नोंदवता येते. जप्ती होण्याआधी माल दुसऱ्या देशात परत नेता येतो. अडकलेला माल विथहोल्ड रिलीज ऑर्डरखाली असेल तर पुरावा द्यायला तीन महिने मिळतात. नोटिशीवर कोणता कायदा लिहिला आहे हे आधी वाचा, कारण दोन्हींची उत्तरे वेगळी असतात.

डीडीपी अटीवर, म्हणजे ड्यूटी भरून माल बायरच्या दारात पोचवण्याच्या बोलीवर, विकत असाल तर अमेरिकेतले आयातदार बहुतेक वेळा तुम्हीच असता. मग नोटीस, गोदामभाडे आणि पुराव्याची जबाबदारी, सगळे तुमच्या अंगावर येते. असे सौदे करण्याआधी कस्टम्स ब्रोकर ठरवून ठेवा. आयातदाराने कागद पाच वर्षे जपायचे असतात, म्हणून तुमचीही फाइल तेवढी वर्षे शिपिंग बिलाच्या क्रमांकाने लावून ठेवा. युरोपीय संघाची सक्तीच्या मजुरीच्या मालावरची बंदी १४ डिसेंबर २०२७ पासून लागू होते आहे. तिथल्या बायरसाठीही ही फाइल उपयोगी पडेल.